पॅरेंटहुड पॅक: सिम्सच्या घरातलं पोट्टं वळणावर येतं कसं, बिघडतं कसं

'सिम' नावाची माणसं घडवून त्यांचा घर-संसार चालवायचा व्हिडिओ गेम म्हणजे 'द सिम्स ४'. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे. त्यात लेकरू जन्मतं, रांगतं, शाळेत जातं, मोठं होतं. पण बापानं रागावलं काय अन् मायनं लाडावलं काय, मोठेपणी त्याच्या स्वभावात फारसा फरक दिसत नाही. ही उणीव पॅरेंटहुड हा गेम पॅक, म्हणजे मूळ खेळाला लावायची विकतची भर, भरून काढतो. पॅक ३० मे २०१७ चा, म्हणजे जुना आहे. तरी घर-संसार खेळायचा असेल तर पैसे देऊन घ्यायचा पहिला पॅक आजही हाच.

लेकराच्या सिमॉलॉजी पॅनलमध्ये (सिमची माहिती दाखवणाऱ्या चौकटीत) पाच पट्ट्या येतात: मॅनर्स, रिस्पॉन्सिबिलिटी, एम्पथी, कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन आणि इमोशनल कंट्रोल. आपल्या भाषेत सांगायचं तर रीतभात, जबाबदारी, दुसऱ्याच्या दुःखाची जाण, भांडण मिटवायची हातोटी आणि रागा-रडण्यावरचा ताबा. लेकराच्या रोजच्या वागण्यानं पट्टी वर किंवा खाली सरकत राहते. निकाल मात्र एकदाच लागतो, किशोरवय संपून सिम तरुण होतो त्या दिवशी. पट्टी पुरेशी वर असेल तर चांगला स्वभावगुण मिळतो, पुरेशी खाली असेल तर वाईट, आणि मधेच लटकली असेल तर काहीच नाही. जबाबदारीची पट्टी भरली तर 'रिस्पॉन्सिबल', ढासळली तर 'इरिस्पॉन्सिबल'. भांडण मिटवण्याची भरली तर 'मीडिएटर', नाहीतर 'आर्ग्युमेंटेटिव्ह'. हे गुण सिम तयार करतानाच्या यादीत नसतात, वाढवूनच मिळवावे लागतात. म्हणून खेळ सुरू करताना तयार केलेल्या नवरा-बायकोत यातलं काही नसतं, खरी गंमत दुसऱ्या पिढीपासून सुरू होते.

पट्ट्या भरायच्या कशा? गृहपाठ, ताटं उचलणं, कचरा बाहेर टाकणं यानं जबाबदारी वाढते. रडणाऱ्या भावंडाला समजावलं की एम्पथी. भांडून झाल्यावर माफी मागितली की कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन. डायरी लिहिणं हा इमोशनल कंट्रोल वाढवायचा सर्वांत स्वस्त आणि सोपा मार्ग आहे, शाळेत जाणाऱ्या प्रत्येक लेकराला एक डायरी घेऊनच द्यावी. मॅनर्ससाठी जेवणाआधी टेबलावर ताटं मांडायला लावावीत. इथं एक गोष्ट खटकते. सगळा हिशोब डायनिंग टेबलाचा आहे, आपल्यासारखी ओसरीवर खाली बसून पंगत मांडायची सोय नाही. त्यामुळे कौलारू घर कितीही हौसेनं बांधा, टेबल-खुर्च्या ठेवाव्याच लागतात.

शिकवण शाळेच्या वयाची वाट पाहत नाही. चालतं-बोलतं झालेल्या लहानग्याला 'प्लीज', 'थँक यू', 'सॉरी' म्हणायला शिकवता येतं आणि पट्टी तेव्हापासूनच हलते. बरेच जण हे वय पॉटी ट्रेनिंग अन् झोपेच्या धावपळीत घालवतात, मग किशोरवयात घाई करतात. तेव्हा पाचही पट्ट्या शून्यातून वर नेणं फार जड जातं. पाचांचा हट्ट सोडून दोन-तीन पट्ट्या निवडाव्यात. रिस्पॉन्सिबिलिटी त्यात असावीच, कारण तिचा उपयोग पुढं नोकरीत होतो.

पॅकचा खरा जीव शाबासकी आणि शिस्तीत आहे. लेकरानं जमिनीवर रंग सांडले, कुणाशी ओरडून बोललं किंवा उलट स्वतःहून भांडी घासली की थोडा वेळ मोठ्यांना त्यावर बोलता येतं, कौतुक करता येतं नाहीतर रागावता येतं. हा वेळ वाफशासारखा आहे, निघून गेला की हात चोळत बसावं लागतं. तिथंच बहुतेकांची चूक होते. साध्या वेगात खेळातला एक मिनिट म्हणजे खरा एक सेकंद, म्हणजे सिमचा अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. कंटाळून तिसऱ्या वेगावर टाकलं की पोट्ट्याचा पसारा दिसेपर्यंत संधी गेलेली असते. दुपारी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत वेग पहिल्यावर ठेवा, पळवायचं ते सकाळी शाळेच्या वेळात.

रागावण्याचे प्रकारही पालकाच्या पॅरेंटिंग कौशल्यावर अवलंबून असतात. हे कौशल्य दहा पातळ्यांचं आहे आणि प्रत्येक मोठ्या सिमचं वेगळं मोजलं जातं. सुरुवातीच्या पातळीवर उपाय थोडे असतात आणि त्यांचा परिणामही कमी. वर गेल्यावर लेकराला गृहपाठाला किंवा कामाला बसवायचे पर्यायही उघडतात. म्हणून माय आणि बाप दोघांनाही अर्धं अर्धं शिकवण्यापेक्षा एकालाच लवकर वर न्या. लहानग्याची उठबस, गृहपाठात मदत आणि पॅरेंटिंगची पुस्तकं यानं कौशल्य वाढतं. तो सिम दिवसभर नोकरीवर जाणारा नसावा. घराशेजारी वाफे घालून बागकामावर घर चालवणारा पालक इथं उत्तम जमतो, पैसा येतो आणि पोट्टं नजरेसमोर राहतं. घरात जास्तीत जास्त ८ सिम ठेवता येतात, त्यामुळे आजी-आजोबा, काका-काकूंसह एकत्र कुटुंब मांडता येतं. फक्त मोठी माणसं फार झाली तर सगळ्यांचं खाणं-पिणं सांभाळता सांभाळता लेकराकडं लक्ष राहत नाही. चार मोठे, दोन लेकरं एवढंच बरं.

शाळेतून मधूनच पेचाचा प्रश्न येतो: मित्रानं कॉपी मागितली, काय करू? पालकानं निवडलेल्या उत्तरानं पट्ट्या हलतात. कोणती वर जाणार ते आधी दाखवत नाहीत आणि एकाच उत्तरानं एक वर, दुसरी खाली असंही होतं. हा भाग चांगला जमलाय, कारण सोपं उत्तर नसतं. मात्र सगळा मजकूर इंग्रजीत येतो, खेळ मराठीत वा हिंदीत नाही, घाईत वाचलं तर चुकीचा पर्याय दाबला जातो. शाळेचा प्रोजेक्ट आला की इन्व्हेंटरीतून (सिमच्या सामानातून) काढून जमिनीवर ठेवावा लागतो, नाहीतर तो तिथंच विसरून जातो. मोठ्यानं मदत केली तर काम लवकर उरकतं आणि मदत करणाऱ्याचं कौशल्यही वाढतं.

नोटीस बोर्डावर घरी परतायची वेळ ठरवता येते. किशोर ती मोडतात, मग शिक्षेचा प्रश्न. याखेरीज लेकरांचे 'फेज' असतात: अस्वलाचा पोशाख घालून फिरणं, सतत चिकटून राहणं, उगाच ओरडणं, खाण्यात नखरे, बंडखोरी. बहुतेक दिवसांनी आपोआप जातात. त्यांच्यामागं फार शक्ती घालवू नका. अस्वलाचं सोंग तर गमतीचंच आहे.

आता सर्वांत महागडी चूक. वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्या की सिम लगेच पुढच्या वयात जातो. किशोराच्या पट्ट्या अजून मधेच असताना मेणबत्त्या फुंकल्या तर गुण हातचे गेले, परत मिळत नाहीत. आधी सिमॉलॉजी उघडून पाहा. वेळ कमी वाटत असेल तर सेटिंगमधून आपोआप वय वाढणं बंद ठेवा किंवा आयुर्मान 'लाँग' करा. 'नॉर्मल'वर पाचही पट्ट्या भरणं म्हणजे इतर सगळं सोडून हेच करत बसणं.

डाउनलोडचं बोलायचं तर मूळ खेळ रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर एका दिवसात उतरत नाही. खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या ईए ॲपमध्ये डाउनलोड थांबवून पुन्हा सुरू करता येतं, तेव्हा रोज थोडं थोडं उतरवा. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. अडखळलं तर ग्राफिक्समध्ये 'लॅपटॉप मोड' लावा. 'इनझोई' या अशाच नव्या खेळाचं आकर्षण असेल तर त्याला किमान आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड लागतं, ते आपल्या गावाकडच्या बहुतेक मशीनवर नसणार. मोबाईलवर सिम्स ४ नाही.

डेस्कटॉपवर खेळत असाल आणि लाइट जायची सवय असेल तर निदान सिमच्या प्रत्येक दिवसाअखेर सेव्ह करा. सेव्ह बिघडलीच तर मेनूतला 'रिकव्हर सेव्ह' जुन्या प्रती दाखवतो. पूर्ण किमतीला घेण्याची घाई नको, या पॅकवर अधूनमधून सूट लागते. त्याआधी मूळ खेळात एक लेकरू वाढवून पाहा. त्यातच कंटाळा आला तर हा पॅक तुमच्यासाठी नाही.