झेडपी, कॉन्व्हेंट की सेवाग्राम: पोट्ट्याला कुठं टाकायचं?

जून जवळ आला की गावात सगळे हेच विचारतात, म्हणून वर्धा-यवतमाळकडच्या पालकांसाठी लिहितो. पोट्टं पहिली ते चौथीत आहे असं धरून.

कॉन्व्हेंट: टाय, बूट, व्हॅन, आणि घरी आल्यावर पोएम म्हणून दाखवते त्यामुळे आजी खुश. पण घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी, मग बरीच पोट्टी फळ्यावरचं सुंदर अक्षरात उतरवतात आणि त्यातलंच एक वाक्य वाच म्हटलं की गप्प. सगळीकडे असंच असते असं नाही, पण फी भरायच्या आधी तिथल्या दुसरीतल्या एखाद्या पोट्ट्याला न पाहिलेलं पुस्तक वाचायला लावाच. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा लॉटरीने मिळतात, पण सुरवातीच्या वर्गालाच, तिसरीतल्याला नाही. आणि कापसाचा पैसा येतो दिवाळीनंतर, व्हॅनवाला मागते जूनपासून.

झेडपी: घराजवळ, पुस्तकं फुकट, खिचडी, भाषा आपली. अडचण ही की ६० पर्यंत पट असला की नियमाने गुरुजी दोनच, चार वर्ग दोघांत, त्यातला एक मीटिंगला गेला की झालं. वरून वेचणीच्या दिवसांत पोट्टी गैरहजर, परत येतात तोवर धडा पुढे गेलेला आणि मागं पडलं ते पाचवीपर्यंत मागंच राहते. यावर 'प्रथम' संस्थेने रुळवलेली पद्धत मला सगळ्यात पटते: इयत्ता बाजूला ठेवायची, एकेकाला तोंडी वाचायला लावायचं आणि अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं जे जमते त्या गटात बसवायचं, मग पाचवीतला अक्षरवाल्यांत बसला तरी चालते. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी ही पद्धत राज्याराज्यांत तपासली, तर नुसतं गुरुजींना ट्रेनिंग देऊन फरक पडला नाही, हरियाणात त्यासाठी रोजचा वेगळा वेळ काढला आणि वरून लक्ष ठेवलं तेव्हा वाचन सुधारलं. म्हणजे टाइमटेबलमधे तास आहे का ते बघायचं, भिंतीवरचे तक्ते नाही.

सेवाग्राम: गांधीजींनी १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेली नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकणं, आता तिथं आनंद निकेतन शाळा आहे, मराठी माध्यम, शेती-सूत-स्वयंपाकातून गणित आणि भाषा. मला फार आवडते, पण वर्ध्याजवळ राहत असाल तरच. (शेतीच शिकवायची तर शाळेत कायले पाठवू, असं म्हणणारे बाप भेटतातच.)

माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत झेडपी, पण वाचनाचा तास असेल तर. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालकच असतात, तिथं ठराव मांडा, पहिला तास वाचनगटांचा आणि दर महिन्याला कोण कोणत्या गटात गेलं ते पालकांना दाखवायचं. दिवाळीपर्यंत पोट्टं गट बदलत नसेल तर मग खुशाल दुसरी शाळा बघा, व्हॅनचा ॲडव्हान्स तोवर देऊ नका.