गच्चीवर हीटर की पॅनेल? हिशेब आषाढाचा

कोल्हापुरात ‘सोलर’ म्हटलं की अजून बऱ्याच घरांत पाण्याचा हीटरच समजतात. आमच्याकडेही ७ वर्षं तोच होता, गेली २ वर्षं वीज बनवणारी पॅनेल आहेत. गच्ची एकच असल्यावर काय बसवायचं, असं शेजारी विचारतात, म्हणून लिहितोय.

खर्चात हीटर स्वस्त. जागाही थोडी लागते, ३ किलोवॉटच्या पॅनेलना दोनेकशे चौरस फूट बिनसावलीची गच्ची हवी. पाणी तापवण्यात तर हीटरचा हात कुणी धरणार नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत साचायचे, तेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आला नाही तो आषाढ. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. घरभर ओल, आणि नेमकं तेव्हाच कढत पाणी हवं. पहाटे नळ सोडून बादलीभर पाणी वाया घालवायचं, हात धरून बघायचं, तर कोमट. ऐंशीच्या पुढची आई टॉवेल घेऊन दारात उभी. मग टाकीतली कॉइल लावायची. आम्हाला हव्यात ४ बादल्या आणि ती तापवणार सगळं २०० लिटर, म्हणजे ७ युनिटच्या आसपास वीज. मे महिन्यात हेच पाणी हात भाजेल इतकं तापायचं आणि कुणाला नको असायचं. मेचं ऊन जुलैसाठी ठेवता येत नाही, हे मला फार सलायचं.

भाचा हेलसिंकीत असतो. तिथं डिसेंबरात दिवस ६ तासांचाही नसतो, दुपारचा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम ६-७ अंश वर. आपल्याकडे त्याच दिवशी तो ५० अंशांवर असतो, आभाळही स्वच्छ. त्यांचा अंधारा डिसेंबर म्हणजे आपला जुलै.

पॅनेलही झडीत मार खातात. मार्चमध्ये माझी रोजची १३-१४ युनिट होतात, जुलैत कधी ३-४ वर येतात. पण नेट मीटरिंगमुळं, म्हणजे जादा वीज कंपनीच्या तारांत सोडून नंतर तेवढी परत घेता येते म्हणून, एप्रिल-मेची जादा युनिट खात्यावर राहतात आणि पावसाळ्यात गिझर त्यांवर चालतो. १५ लिटरच्या गिझरला एका वेळेला अर्धं-पाऊण युनिट पुरतं. हिशेब ३१ मार्चला मिटतो, उरलेल्या युनिटना दर कमी मिळतो, तेव्हा गरजेपेक्षा मोठा प्लांट घेऊ नका. बॅटरी नसेल तर लाईट गेल्यावर भर उन्हातही प्लांट बंद पडतो, हेही धरून चाला. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान आहे.

गच्ची लहान असेल किंवा खोल्या भाड्यानं देऊन रोज १५-२० जणांची अंघोळ असेल, तर कदाचित हीटरच परवडेल. आमच्या चौघांच्या घरात हीटर उतरवला. त्याच्या चौथऱ्यावर आता सहावं पॅनेल आहे, आणि गेल्या आषाढात आईला पाण्यासाठी थांबावं लागलं नाही.