मासे गरवायच्या रीलवर नवी दोरी भरायची असेल तर मिरकरवाड्यातल्या चाचांकडे जा

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाताना जाळी, शिसं, गऱ्या विकणारी दुकानं लागतात, त्यातल्या एका अगदी छोट्या दुकानात हे चाचा बसतात. बाहेरून बघाल तर वाटणार नाही की इथे रीलचं काम होत असेल, पण रीलवर लाईन भरून घ्यायची तर मी आता दुसरीकडे कुठे जाणार नाही, आणि का ते नीट सांगतो कारण माझं यात बरंच नुकसान झालंय.

ऑक्टोबरमधे भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी गरवायला बसलो होतो, ओहोटी नुकतीच लागलेली, अंधार पडला होता आणि जबरदस्त ओढ आली. जिताडाच असणार, एकदा पाण्याबाहेर उसळलेला दिसला. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळला तरी दोरी जातेच आहे, हँडल फिरवतोय तर दोरी आत येत नाही, हँडल नुसतं हलकं हलकं फिरतंय. शेवटी मासा खडकात शिरला आणि दोरी तुटली. मला वाटलं ड्रॅगचे वॉशर गेले. रील पण साधं नाही, शिमानोचं 4000 साईजचं, पैसे साठवून घेतलेलं. दोनदा उघडून वॉशर साफ केले, ग्रीस लावलं, फरक शून्य.

चाचांनी रील हातात घेतलं, ड्रॅग घट्ट केला, अंगठा दोरीवर दाबून पिळला आणि अख्खी दोरी स्पूलवर (ज्यावर दोरी गुंडाळतात त्या चकतीवर) बांगडीसारखी फिरली. "रील ठणठणीत आहे तुमचं, खाली तंगूस घातलेला नाही." एवढंच बोलले. तंगूस म्हणजे आपली साधी एकपदरी नायलॉनची दोरी. आधीच्या दुकानात (नाव नको) ब्रेडेड लाईन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, डायरेक्ट गुळगुळीत स्पूलवर बांधून दिली होती. ब्रेडेड दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही, ती तंगुसासारखी धातूला आवळून बसत नाही, सटकते. म्हणून खाली आधी थोडा साधा तंगूस गुंडाळायचा असतो, तो स्पूलला घट्ट धरतो आणि वरची दोरी त्याला धरते. इतकी साधी गोष्ट, आणि मी तीन महिने वॉशर धूत बसलो.

आता खाली तंगूस नेमका किती घालायचा हा प्रश्न असतो, कारण कमी पडला तर दोरी स्पूलच्या काठापासून खोल राहते आणि फेक लांब जात नाही, जास्त झाला तर वरची वेटोळी आपोआप सुटून गुंता होतो. चाचा अंदाजाने करत नाहीत. त्यांनी आधी नवी 30 पौंड ताकदीची ब्रेडेड दोरी माझ्या रिकाम्या स्पूलवर घेतली, तिच्यावर तंगूस जोडून काठाला दोनेक मिलिमीटर राहीपर्यंत भरला, मग सगळं उलटं काढून एका जुन्या रीलवर घेतलं, तिथून दुसऱ्या जुन्या रीलवर, आणि मग परत माझ्या स्पूलवर. म्हणजे तंगूस खाली गेला, दोरी वर आली आणि माप बरोब्बर. खूप वेळखाऊ काम आहे हो, पण माणूस कंटाळत नाही. शेवटच्या भरणीला दोरी ओल्या फडक्यातून चिमटीत धरून सोडत होते, कारण सैल भरली तर मासा ओढायला लागला की वरची दोरी खालच्या थरात रुतते आणि पुढच्या फेकीला अडकून तुटते. तंगूस आणि दोरीची गाठ तर मी नखाने चाचपून बघितली, तांदळाच्या दाण्याएवढी पण नव्हती.

पण मला खरं कौतुक दुसऱ्या गोष्टीचं वाटलं. सोबत माझं दुसरं रील पण नेलं होतं, त्याची दोरी पुढे पांढरी पडून केसाळ झालेली, म्हटलं हिच्यावर पण नवीनच भरा. चाचांनी पन्नासेक मीटर ओढून बघितली आणि म्हणाले, "नवी कशाला घेताय? तुमची फेक जाते तेवढीच झिजलीय, आतली कोरी आहे." आणि तीच दोरी उलटी करून भरून दिली, कोरं टोक वर, झिजलेलं खाली. गिऱ्हाईक समोरून पैसे काढून देतंय आणि दुकानदार नको म्हणतोय, हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

दोरी त्यांच्याकडून घेतली तर भरायचे पैसे नाहीत, आपली नेली तर रीलमागे 100 रुपये घेतले. मला ते कमीच वाटतात.

उणं काय ते पण सांगतो. चाचा एकटेच आहेत, बोटवाल्यांची गर्दी असली की आपल्याला थांबावं लागतं, मी दीड तास बसलो होतो. आठ पदरी दोरी फक्त हिरव्या रंगात होती. लीडरसाठी (गळाजवळ जोडायच्या शेवटच्या तुकड्यासाठी) फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा तंगूस, एकाच जाडीचा मिळाला, त्यामुळे तो तुम्ही दुसरीकडून आणलेला बरा. गाडी लावायला जागा नाही, माशाचे टेम्पो येत जात असतात, चालत गेलात तर उत्तम.

काढलेला जुना तंगूस ते बारीक कापून एका डब्यात टाकतात, पाण्यात किंवा रस्त्यावर जाऊ देत नाहीत. कासवांच्या आणि पक्ष्यांच्या पायात अडकतो म्हणाले. आपल्या किनाऱ्यावर वेळासला कासवं अंडी घालायला येतात तरी आपल्यातले किती जण खडकावरच दोरीचा गुंता टाकून येतात, त्यांनी हे जरूर बघावं.

त्यानंतर चार वेळा गरवून आलो. मागच्या अमावस्येला दीड किलोची तांबोशी लागली, ती सरळ खडकाकडे पळाली, ड्रॅग आवळला आणि दोरी जागच्या जागी थांबली. मासा घरी आला. तुम्ही जाल तेव्हा जुनी दोरी घरी काढून जाऊ नका, आहे तशीच न्या, ते आधी ती बघतात मगच नवीन काढतात.