स्टेम सेलचं पॅकेज बघून आलो

कूलर बसवताना गच्चीवरून पडलो त्याला यंदाच्या मे महिन्यात सहा वर्षं झाली. मणक्याला इजा झाली: डी-१० (पाठीचा दहावा मणका), ग्रेड ए (पूर्ण इजा). म्हणजे बेंबीच्या खाली काही कळत नाही अन् घामही येत नाही. नागपूरच्या उन्हात हे दुसरं दुखणं पहिल्याइतकंच भारी.

भाच्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली, स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात अशा मूळ पेशी टोचून मणक्याच्या इजेवर उपचार करायची. "मामा, एकदा पाहून तर येऊ." गेलो. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, शहरातलंच आहे.

रॅम्प एवढा चढा की भाचा अन् वॉचमन दोघांनी मिळून खुर्ची ढकलली. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, इथे चार असेल-नसेल. माझी कॅथेटरची, म्हणजे नळीने लघवी काढायची, वेळ झाली होती आणि बाथरूमच्या दारातून खुर्ची आत जाईना. शेवटी सामानाच्या खोलीत पडदा ओढून उरकलं. बापा, तुमचा अर्धा पेशंट चाकांवर येतो नं!

एसी मात्र झकास होता.

काउन्सेलर मॅडम गोड बोलल्या. हाडातला मगज काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या अन् कमरेत सुई घालून मणक्याच्या पाण्यात सोडायच्या. तीन वेळा. सोबत पंधरा दिवस फिजिओ. साडेचार लाख. मग व्हिडिओ दाखवला, एक माणूस पायांना कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) लावून वॉकर धरून उभा. मी म्हटलं, मॅडम, एवढं तर मीही रोज सकाळी अर्धा तास करतो, एकही पेशी न टोचता. त्या हसल्या अन् "भाऊ, पॉझिटिव्ह राहा" म्हणाल्या.

मी घरून वाचून गेलो होतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मणक्याच्या इजेवर स्टेम सेल हा नेहमीचा उपचार नाही, फक्त चाचणी म्हणून देता येतो. चाचणी म्हटली की सीटीआरआयमध्ये, म्हणजे अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद हवी, अन् पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. नोंदणी क्रमांक मागितला तर "सर सांगतील". सर आले, एमआरआय उजेडाला धरला, क्रमांक त्यांनीही सांगितला नाही. जपानचं नाव मात्र दोनदा घेतलं.

जपानचं मलाही ठाऊक आहे. तिथल्या केओ विद्यापीठाने आयपीएस पेशी (साध्या पेशी प्रयोगशाळेत बदलून केलेल्या स्टेम सेल) वापरून मणक्याच्या इजेच्या चार जणांवर उपचार केले, पहिल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये. २०२५ मध्ये निकाल सांगितला: एक जण उभा राहून चालण्याचा सराव करू लागला, एकाच्या हातापायांत हालचाल आली, दोघांत फारसा फरक नाही. पण त्या चौघांना इजा होऊन दोन ते चार आठवडेच झाले होते. माझी सहा वर्षांची. शिवाय त्या पेशी वेगळ्या, माझ्या मगजातल्या नव्हेत. हे म्हटल्यावर सरांनी घड्याळ पाहिलं.

निघताना तिथल्या फिजिओ पोराने माझी बसायची गादी दाबून पाहिली. म्हणाला, "काका, ही पार बसली, जखम होईल. हवेची घ्या. अन् दर अर्ध्या तासाने हातावर जोर देऊन उचला स्वतःला." दीड हजार फीमध्ये कामाचं एवढंच मिळालं, अन् तेही ज्याला फी नव्हती त्याच्याकडून. गादी घेतली. उरलेल्या पैशात घरच्या बाथरूमचं दार रुंद करतोय.

दोन तारे. एक त्या पोराचा, एक एसीचा.

भाचा गाडीत गप्प होता. वर्धा रोडवर सिग्नलला म्हणाला, "मामा, मला वाटलं होतं..." अन् थांबला. मी म्हटलं, मलाही.

क्लिनिकचे मेसेज अजून येतात. या महिनाअखेरपर्यंत पन्नास हजारांची सूट आहे म्हणे.