खरा बीच आणि आपला करंज

करंजाला इंग्रजीत ‘इंडियन बीच’ म्हणतात, पण बीच (beech) नावाच्या परदेशी झाडाशी त्याचं नातं नावापुरतंच. बीच ओकच्या कुळातला, करंज वाल-घेवड्याच्या.

खऱ्या बीचला थंड, ओलसर हवा लागते. युरोपातली जात दक्षिण स्वीडनपासून सिसिलीच्या डोंगरांपर्यंत आढळते, दुसरी अमेरिकेच्या पूर्व भागात, आणखी काही जपान-चीनमध्ये. गुळगुळीत राखाडी साल, तिकोनी बिया. कार्पेथियन पर्वतातल्या बीचच्या आदिम जंगलांना २००७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पुण्याच्या उन्हाळ्यात तो तगणार नाही. करंज मात्र ऐन तेव्हाच खुलतो. पोपटी पालवी तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत! मग फिकट जांभळट फुलं. सकाळी खाली लावलेल्या स्कूटरची सीट त्यांनी भरून गेलेली असते. बियांचं तेल पूर्वी दिव्यात जाळत, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. पानांवर पुटकुळ्या दिसल्या की लोक झाडच तोडायला निघतात, त्याचं फार वाईट वाटतं. या पुटकुळ्या सूक्ष्म कोळ्यांमुळे (माइट्समुळे) येतात, झाडाला सहसा मोठा धोका नसतो.

सोसायटीत सावलीसाठी झाड लावायचं असेल, तर बिनदिक्कत करंज लावा. फक्त भिंतीपासून जरा लांब.