हॉलमार्क खरा, हिरा खरा, तरी फसवलं

दादाच्या साखरपुड्यासाठी पुण्यातल्या एका सराफाकडून हिऱ्याची अंगठी घेतली. हॉलमार्क खरा होता, बीआयएस केअर अ‍ॅपवर सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक, टाकून आम्ही पाहिला. हिऱ्याचं प्रमाणपत्रही खरं. फसवणूक झाली ती हिरा सोन्यात बसवतात त्या कामात, म्हणजे सेटिंगमध्ये, आणि ते काम हॉलमार्कवाला तपासत नाही, हिऱ्याची लॅबही नाही.

वहिनी प्रयोगशाळेत काम करतात, दिवसभर हातमोजे घालायचे आणि काढायचे. म्हणून त्यांनी बेझल मागितलं होतं, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची सलग कड. दुकानदार म्हणाला, "त्यात हिरा लहान दिसतो. सहा काट्यांची घ्या, एक काटा गेला तरी पाच धरतात." काटे म्हणजे हिरा वरून धरून ठेवणारी सोन्याची टोकं. चांगल्या कारागिराच्या हातचं काम असेल तर हे खरंही आहे.

लग्नाआधीच हिरा पडला, तो सापडलाच नाही. दुकानात वहिनींच्या तोंडावर सांगितलं, "ठेच लागली असणार, जपून वापरायला हवी होती." होणाऱ्या सासरच्या माणसांसमोर त्यांना हे ऐकावं लागलं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

मग दुसऱ्या एका जडाव कारागिराने, म्हणजे खडे बसवणाऱ्याने, ती अंगठी दहापट भिंगाखाली पाहिली. काटा हिऱ्यावर नुसता वाकवायचा नसतो. त्याच्या आतल्या अंगाला खाच पाडतात, हिऱ्याची कड त्या खाचेत बसते आणि मग टोक वरून दाबतात. आमच्या सहा काट्यांपैकी दोघांनाच नीट खाच होती. बाकीचे नुसते टेकवलेले, आणि हिरा बसतो त्या जागेत वाळलेला गम! नवी असताना हिरा जराही हलत नव्हता तो त्या गममुळे. रोजच्या साबण-पाण्याने तो सुटत गेला.

अंगठी कानाशी धरून टिचकी मारा, खडा सैल असेल तर खडखडतो. पण गम असला की तोही आवाज येत नाही, म्हणून दुकानातच भिंग मागा आणि काटा नि हिरा यांच्यात फट आहे का, ते बाजूने बघा. भिंग द्यायला कुरकुरणाऱ्याकडून घेऊच नका. काटे 22 कॅरेटचे नकोत, ते सोनं मऊ, वाकतं; 18 कॅरेट बरं. चौकोनी प्रिन्सेस कट असेल तर चारही कोपरे झाकणारे काटे हवेत, कारण टवका तिथेच उडतो. अंगठी घालणाऱ्याला दिवसभर हातांनी काम करावं लागत असेल तर बेझलवरच अडून बसा.

आणि बिल! आमच्या बिलावर सेटिंगबद्दल एक अक्षर नाही, नुसतं "अंगठी 1 नग". आयुष्यभर मोफत देखभालीचं आश्वासन तोंडी होतं. सेटिंगचा प्रकार, हिऱ्याचं वेगळं वजन, हिरा पडला तर जबाबदारी कोणाची, हे सगळं लिहून घ्या.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दुकानदार आता अंगठी "फुकट दुरुस्त करून देतो" म्हणतोय. आम्ही ती त्याच्या हातात देणार नाही, दुरुस्तीत तो गम पहिला साफ होईल.