दिवाळी अंकाची पानं लावताना: दोन कॉलम, तीन कॉलम की मॉड्यूलर ग्रिड?

ए-फोर आकाराचा दिवाळी अंक, दीड-दोनशे पानं, त्यात कथा, कविता, एखादी लांबलचक मुलाखत आणि जाहिराती. अशा अंकासाठी ग्रिड, म्हणजे पानाची आखणी ठरवणारी रेषांची चौकट, कोणता निवडावा? माझं मत आधीच सांगते. अंक मुख्यतः कथा-लेखांचा असेल तर दोन कॉलम आणि पक्का बेसलाइन ग्रिड, म्हणजे मजकुराच्या ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या आडव्या रेषा. चित्रं आणि जाहिराती भरपूर असतील तर मॉड्यूलर, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांनी पडलेल्या चौकटींचा ग्रिड. कथांसाठी तीन कॉलमांच्या मोहात मात्र पडू नका.

हिशेब मांडून पाहा. पान २१० मिमी रुंद. दोन्ही बाजूंना १५ मिमी मार्जिन सोडलं की १८० उरतात. मध्ये ५ मिमीचं गटर (कॉलमांमधली मोकळी जागा) धरून दोन कॉलम केले तर प्रत्येकी ८७.५ मिमी मिळतात, तीन केले तर जेमतेम ५६.७. अकरा पॉइंट आकाराच्या अक्षरांत रुंद कॉलमात ओळीला साधारण सात-आठ शब्द बसतात, अरुंद कॉलमात चार-पाच. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द ओळीच्या शेवटी मावला नाही की पूर्णच्या पूर्ण खाली उतरतो, आणि दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात वरच्या ओळीला पांढरी भोकं पडतात. पानभर अशी भोकं असली की वाचणाऱ्याची लय तुटते, आणि लेखकाने कष्टाने लिहिलेल्या वाक्याचं आपण नुकसान करतो. तीन कॉलम हवेच असतील तर मजकूर डावीकडे जुळवून उजवी कड मोकळी सोडा. पुस्तक-परिचय, लेखकांची ओळख, परिसंवादातली छोटी टिपणं अशा कॉलमात छान दिसतात.

कवितेला दोन कॉलमही नकोत आणि तीनही. कवीने जिथे ओळ तोडली तिथेच ती तुटली पाहिजे, मग उजवीकडे कितीही कोरी जागा राहो.

बेसलाइन ग्रिड मात्र कुठल्याही पर्यायात घ्याच. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरचं ऑटो लीडिंग (दोन ओळींमधलं आपोआप ठरणारं अंतर) अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के, म्हणजे ११ पॉइंटला १३.२. रोमन अक्षरांना ते पुरतं. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. एवढ्याशा जागेत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. म्हणून ११ ला १७ द्या. पानाची उंची ८४२ पॉइंट. त्यात ४३ ओळींना ७३१ लागतात आणि वर-खाली मिळून सुमारे ३९ मिमी मार्जिन उरतं. शेजारच्या कॉलमांतल्या ओळी एका रेषेत येतात. शिवाय कागद पातळ असला तरी मागच्या पानाच्या ओळी पुढच्या ओळींच्या आडच राहतात, मधल्या जागेतून डोकावत नाहीत.

४३ हा आकडा मुद्दाम घेतला आहे. दहा ओळींच्या चार पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये एकेक ओळ मोकळी. पानाच्या रुंदीत सहा कॉलम घेतले की २४ चौकटींचा मॉड्यूलर ग्रिड तयार होतो. तीन-तीन कॉलम जोडले की वरचेच दोन कॉलम मिळतात, दोन-दोन जोडले की तीन. अर्ध्या पानाची जाहिरात १८० बाय १२६ मिमी, पाव पानाची ८७.५ बाय १२६. ही मापं दरपत्रकात छापून टाका, म्हणजे ऐनवेळी जाहिरात ओढूनताणून बसवावी लागणार नाही. अनेक जण मिळून पानं लावणार असतील तर मॉड्यूलर ग्रिडची खरी किंमत कळते. डिझायनर मासिमो विन्येली यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपत्रकांसाठी ‘युनिग्रिड’ केला तो याचसाठी: नकाशे, फोटो आणि मजकूर वेगवेगळे असूनही सगळी पत्रकं एका घरातली वाटावीत. पण सलग मजकुराच्या पानांवर यातल्या बहुतेक रेषा कामालाच येत नाहीत, आणि सुरुवातीची आखणी वेळ खाते.

पर्याय कुठलाही घ्या, एक फेरफार करावाच लागतो. योझेफ म्युलर-ब्रोकमान आणि इतर स्विस डिझायनरांची ग्रिडची पद्धत रोमन अक्षरांवर बेतलेली आहे. तिथे चित्राची वरची कड शेजारच्या ओळीतल्या अक्षरांच्या माथ्याला जुळवतात. आपल्याकडे डोळ्याला दिसते ती शिरोरेषा. फोटोची वरची कड तिलाच जुळवा, वेलांट्या वर राहिल्या तरी चालतं. शिरोरेषेची उंची फॉन्टागणिक बदलते, म्हणून मजकुराचा फॉन्ट नक्की झाल्यावरच हे अंतर मोजा आणि मास्टर पानावर (सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्यावर) गाइड, म्हणजे आखणीची रेषा, टाका.